भिंतीपलीकडचा ऑपरेटर

“ए ऑपरेटर, झोपलास काय!”

आतल्या खोलीतून हाक आली तशी तिने डोळे न उघडताच उशीखालचा रिमोट चाचपला, कॉम्प्युटरच्या दिशेने धरला आणि बटण दाबले. भिंतीपलीकडचे गाणे मध्येच थांबले.

“थांबव म्हटलं नव्हतं. पुढे घे.”

“मग तसं सांगा ना, बाबा.”

“थेटरातला हॉल कधी सांगतो होय? हॉल नुसता ओरडतो.”

तिने चित्र पुढे घेतले आणि कूस बदलली. रक्तपेढीतली रात्रपाळी संपवून ती सकाळी घरी आली होती. सासऱ्यांचे तोंड धुणे, पाठ पुसणे, चहा, औषधे एवढे उरकून आडवी झाली होती. झोप लागली असे वाटायचा अवकाश, हाक ठरलेली.

सासरे जन्मभर चित्रपटगृहात ऑपरेटर होते. प्रेक्षकांच्या पाठीमागे, उंचावर, एका उकाड्याच्या केबिनमध्ये त्यांचे आयुष्य गेले. खुब्याचे हाड मोडल्यापासून ते पलंगावर होते आणि दिवसभर सिनेमे बघत. सिनेमे त्यांच्या मुलाने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, जुळवलेल्या कॉम्प्युटरमध्ये साठवलेले होते. आधी कॉम्प्युटर आतच होता, पण त्याच्या पंख्याची घरघर सासऱ्यांना सोसेना. “मशीन आणि पडदा एका खोलीत? कुठल्या थेटरात असतं असं?” मुलाला ते पटले. जहाजावर परत जाण्याआधी त्याने भिंतीला भोक पाडून केबल ओढली. पडदा आत राहिला, मशीन बाहेर, तिच्या कॉटशेजारी आले. रिमोट भिंतीपलीकडून चालणार नाही, हे निघायच्या गडबडीत बापलेकांपैकी कोणाच्याच डोक्यात आले नाही. तिच्याही नाही.

तेव्हापासून तोंड त्यांचे आणि हात तिचा.

जुन्या चित्रांत रीळ संपत आले की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक गोल ठिपका क्षणभर चमकतो. दुसरे मशीन सुरू करायची ती ऑपरेटरची खूण. कॉम्प्युटरमध्ये रिळे नसतात, पण जुन्या प्रतींवरून उतरवलेल्या चित्रांत ठिपके तसेच राहिले होते. ठिपका दिसला की सासऱ्यांचे बोट वर जाई आणि ते म्हणत, “बदल!” ती झोपेतून म्हणे, “बदललं.” मग ते खूश. सुरुवातीला तिलाही यात गंमत वाटायची.

मग एका रात्री तिने रक्ताच्या पिशवीवर चुकीच्या गटाचे लेबल लावले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी ते वेळीच पाहिले. पिशवी पुढे गेली नाही, पण इन्चार्जबाईंनी तिला बाजूला घेतले. त्या ओरडल्या नाहीत, हेच जास्त लागले.

“घरी झोपतेस का तू?”

“झोपते ना.”

“मला बनवू नकोस. झोप होत नसेल तर रजा टाक. पण अशी येऊ नकोस. दुसऱ्यांदा मी गप्प बसू शकणार नाही.”

रजा टाकून भागण्यासारखे नव्हते. सकाळी परतताना ती नुकत्याच उघडलेल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शिरली. दुकानदाराने सगळे ऐकून घेतले, वरच्या फळीवरून एक छोटा डबा काढला आणि म्हणाला, “सासऱ्यांना फोनच द्या ना सरळ.”

“काचेवर बोट हवं तिथे लागत नाही त्यांचं. बटणच हवं. दाबल्यासारखं वाटलं पाहिजे.”

डब्यात एक लांब वायर होती. तिच्या एका टोकाला मसुराएवढा काळा डोळा, दुसऱ्या टोकाला तेवढाच दिवा. संध्याकाळी दिवे लागल्यावर, कामावर जाण्याआधी ती खटपटीला बसली. डोळा तिने आतल्या पडद्याखाली चिकटवला, वायर केबलच्याच भोकातून बाहेर आणली आणि दिवा कॉम्प्युटरच्या समोर, अगदी नाकाशी चिकटवला.

“हे काय जादूटोणा?” सासऱ्यांनी विचारले.

“रिमोटमधून उजेड निघतो, बाबा. आपल्याला दिसत नाही इतकंच. तो भिंत ओलांडत नाही. हा डोळा इकडे उजेड बघणार आणि तो दिवा तिकडे तश्शीच उघडझाप करणार.”

“दिसत नाही तो उजेड कसला?”

तिने फोनचा कॅमेरा सुरू करून रिमोटसमोर धरला आणि त्यांना बटण दाबायला सांगितले. फोनच्या काचेवर रिमोटच्या टोकाशी जांभळट ठिणगी लुकलुकली. त्यांनी पुन्हा दाबले. पुन्हा. लहान मुलासारखे कितीतरी वेळ दाबत राहिले.

“म्हणजे हा पण प्रोजेक्टरच की.”

“हो. छोटासा.”

त्यांनी रिमोट पडद्याकडे धरून बटण दाबले. चित्र सुरू झाले. दाबले, थांबले. तिने सुटकेचा श्वास टाकला. त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला.

“आमच्या थेटरातही असाच डबा आला होता,” ते म्हणाले. “लांबून कुठूनतरी चित्र यायचं. मालक म्हणाले, आता वर कोणी बसायला नको. केबिनला कुलूप लावलं आणि मला दाराशी तिकिटं फाडायला उभं केलं.”

ती वायरच्या चिकटपट्ट्या दाबत होती.

“बाबा, मला झोप पाहिजे हो,” ती म्हणाली. इन्चार्जबाईंचे बोलणे तिने त्यांना सांगितले. पहिल्यांदाच सांगितले.

तिच्याकडे पाहायचे सोडून ते रिमोटवरची बटणे निरखत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवरून येऊन तिने सगळे आवरले, पाण्याचा तांब्या आणि लघवीची बाटली हाताशी ठेवली, चित्र लावून दिले. “अगदीच अडलं तर हाक मारा,” असे सांगून ती आडवी झाली. आत बटण दाबले गेले तसा कॉम्प्युटरवरचा खुणेचा दिवा लुकलुकला, आतला आवाज वाढला, कमी झाला. तिला कोणी काही विचारले नाही. मग तिला दिवाही दिसेनासा झाला.

जाग आली तेव्हा उन्हे कलली होती. घरात चिडीचूप. एवढी झोप झाली म्हणजे काहीतरी भलतेच घडले असणार, असे तिला वाटले. ती अनवाणीच आत धावली.

सासरे उशीला टेकून जागे बसले होते. रिमोट हातात होता. पडद्यावर नायिकेचे डोळे मिटता मिटता अर्धेच राहिले होते.

“काय झालं?”

“काही नाही. बाटली घ्यायला थांबवलं होतं मघाशी. मग सुरूच होईना.”

“मघाशी म्हणजे कधी?”

“जेवायची वेळ टळल्यावर.”

ती मटकन पलंगाच्या कडेला बसली. “मग हाक का नाही मारली? जेवलाही नाहीत.”

“तू झोपली होतीस.”

“म्हणून काय?”

सासरे थोडे ओशाळल्यासारखे हसले. “अगं, केबिनमध्ये माझाही डोळा लागायचा कधीतरी. रीळ संपायचं, पडदा पांढरा पडायचा. हॉल काय करायचा माहीत आहे? शिट्ट्या, खुर्च्यांवर लाथा, आईवरून शिव्या. ऑपरेटर मेला की काय म्हणून बघायलासुद्धा कोणी वर आलं नाही. म्हटलं, एकदा हॉलनं गप्प बसून बघावं, कसं वाटतं ते.”

“कसं वाटलं?”

“कंटाळा आला.”

तिला हसू आले. ती उठून पडद्यापाशी गेली. काळ्या डोळ्याला बोट लावले. तो अजून गरम होता. पश्चिमेच्या खिडकीतले ऊन त्याच्यावरून नुकतेच सरकून भिंतीवर गेले होते. उन्हातही तोच न दिसणारा उजेड असतो, भरपूर असतो. त्या झोतात रिमोटची ठिणगी कोणाला दिसणार? तिने सगळे तपासले होते, पण दिवे लागल्यावर तपासले होते.

औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तिने डोळ्याला छज्जा केला.

“बघा आता दाबून.”

त्यांनी दाबले. नायिकेचे डोळे पूर्ण मिटले आणि उघडले.

तिने ताट वाढून आणले. कामावर जायला अवकाश होता म्हणून तीही तिथेच बसली. सून होऊन आल्यापासून तिने त्यांच्याबरोबर अख्खे चित्र कधी पाहिले नव्हते. ते हळूहळू जेवत होते. थोड्या वेळाने पडद्याच्या कोपऱ्यात गोल ठिपका चमकला.

त्यांचे बोट घासासकट वर गेले. तोंड उघडले. मग त्यांनी शेजारी बसलेल्या तिच्याकडे पाहिले, मग भिंतीकडे. बोट सावकाश खाली आले.

पलीकडच्या खोलीत कोणीच नव्हते. चित्र न अडखळता पुढे गेले.