धरणगावच्या छगन मिस्तरीची गिटार

माघात, कापसाचा हंगाम भरात असताना, छगन मिस्तरीच्या डाव्या हाताची दोन बोटं सरकी काढायच्या जिनात गेली. अंगठ्याजवळची दोन, मधल्या पेरापर्यंत. चालत्या पट्ट्यावर राळ लावायला तो वाकला होता. एरवी इंजिन थांबवल्याशिवाय पट्ट्याला हात लावायचा नाही, असं तोच सगळ्यांना सांगत असे. त्या दिवशी त्याने स्वतः ते पाळलं नाही, आणि नंतर कुणी विचारलं तर तसं सरळ सांगायचाही.

धरणगावात छगनची ओळख दोन प्रकारची होती. दिवसा तो जिनाचा मिस्तरी. सणावाराला, सप्ताहाला तो गिरधरनानांच्या कीर्तनात दिलरुबा वाजवायचा. बारा वर्षं त्याने नानांना साथ केली होती. दिलरुब्याचा गज उजव्या हातात असतो, आणि सूर काढायचे ते डाव्या हाताच्या त्याच दोन बोटांनी, तारेवरून सरकवत. जखम भरल्यावर छगनने एकदा दिलरुबा छातीशी धरून पाहिला. उरलेल्या दोन बोटांनी सूर सापडत होते, पण अर्ध्या वेळात. त्याने वाद्य पुसलं, गवसणीत घातलं आणि खुंटीला टांगून ठेवलं.

गिरधरनाना घरी येऊन बसले. साठीचे, सडपातळ, बोलणं हळू. म्हणाले, "छगन, टाळ घे. शेजारी बस. तू नसलास की मला मोकळं वाटत नाही."

"टाळ धरायला माणसं पुष्कळ आहेत, नाना. मला थोडे दिवस द्या. मी काहीतरी शोधतो."

काय शोधणार हे त्यालाही माहीत नव्हतं. पण शोधायचं ठरलं होतं.

वैशाखात हंगाम संपून जिन बंद झाल्यावर इंजिनाच्या एका जुन्या भागासाठी तो भुसावळला गेला. रेल्वेच्या भंगारात असे भाग कधीकधी मिळत. काम आटोपून स्टेशनकडे येताना, रेल्वेवाल्या साहेबलोकांच्या वस्तीतल्या एका व्हरांड्यातून त्याला सूर ऐकू आला. लांबलचक, एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणारा. छगन थांबला. सारंगी नव्हती, दिलरुबा नव्हता. गज घासल्याचा आवाजच नव्हता त्यात.

तो कुंपणापाशी गेला. वेताच्या खुर्चीत पिंटो नावाचा एक गार्ड बसला होता. मांडीवर गिटार आडवी, पाटासारखी ठेवलेली. उजव्या हाताने तारा छेडत होता, आणि डाव्या हातात एक चकचकीत पोलादी कांडी होती. ती कांडी तो तारांवरून नुसती सरकवत होता. दाबत नव्हता. बोटांनी तो काहीच करत नव्हता.

छगनने आपला डावा हात वर करून दाखवला. "साहेब, इस हाथ से बजेगा?"

पिंटोने हात पाहिला, मग माणसाकडे पाहिलं. "आओ, बैठो."

पहिल्यांदा कांडी हातातून निसटली. दुसऱ्यांदा छगनने ती अंगठा आणि दोन खुंट यांच्यात घट्ट धरली, तार छेडली आणि पंचमावरून वरच्या षड्जापर्यंत सरकत गेला. जिथे थांबायचं तिथे बरोबर थांबला. पिंटोने भुवया वर केल्या. "पहले बजाया है?"

"ये नहीं. पर सूर तो वही है ना, साहेब."

पिंटोकडे आणखी एक गिटार होती. शिकणाऱ्यांसाठी बनवलेली, हलक्या लाकडाची, पुतण्यासाठी आणलेली. पुतण्याने आठवड्यात ती टाकून दिली होती. पिंटोने आधीच सांगितलं, ही साधी गिटार आहे, हिच्या तारा पडद्यांना, म्हणजे दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांना, फार जवळ आहेत, मांडीवर घेऊन कांडी फिरवली की कांडी पडद्यांवर खडखडेल. तारा वर उचलाव्या लागतील. कशा, ते त्याने स्वतःच्या गिटारीवर दाखवलं. छगनने निरखून पाहिलं, बोटाने उंची मोजली. मग कोपऱ्यातल्या, रेकॉर्ड वाजवायच्या फोनोकडे त्याचं लक्ष गेलं.

"ये चलता नहीं?"

"स्प्रिंग टूट गया."

छगन त्या दिवशीच्या गाडीने गेला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याने स्प्रिंगचं तुटलेलं टोक तापवून वळवलं, नवं भोक पाडलं, चावी बसवली. रेकॉर्ड वाजायला लागली. संध्याकाळी तो धरणगावात उतरला तेव्हा काखेत त्या मजुरीच्या बदल्यात मिळालेली ती गिटार होती, गोणपाटात गुंडाळलेली.

"हाई काय शे? कोठून लई उनात?" बायकोने विचारलं. वच्छलाबाई तव्यावर कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी टाकत होती.

"मांडीवर ठेईसन वाजाडतस. बोटं लागत नहीत."

वच्छलाबाईने भाकरी उलटली आणि त्याच्या हाताकडे पाहिलं. "मंग वाजाडा."

"आते नही. पह्यले तिले सरळ करनी पडी."

सकाळी त्याने काम काढलं. दांडीच्या टोकाला, जिथून तारा खुंट्यांकडे वळतात, तिथे एक हाडाची पट्टी होती. ती फार बुटकी होती आणि मधोमध किंचित फुगीर. बोटाने वाजवायला फुगीर चालते. पण सरळ कांडी ठेवायची तर सहाही तारा एका पातळीत हव्यात. छगनने पितळी पत्रा दुमडून एक टोपण बनवलं. ते जुन्या पट्टीवर घट्ट बसेल असं, आणि अर्ध्या बोटाच्या रुंदीएवढं उंच. कानशीने त्यावर सहा खाचा घेतल्या. एक खाच घ्यायची, तार बसवायची, वरून लोखंडी पट्टी आडवी ठेवून खालून उजेड दिसतो का बघायचं, दिसला की पुन्हा कानस. दुसऱ्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचीही उंची वाढवली. दुपारपर्यंत सहाही तारा पट्टीला एकसारख्या टेकल्या.

मग त्याने तारा सुरात लावायला घेतल्या. पिंटोने सांगितलेली साहेबी नावं त्याला आठवत नव्हती, पण आवाज आठवत होता. सा, प, सा, ग, प, सा. कांडी न ठेवता सगळ्या तारा एकदम छेडल्या की तंबोऱ्यासारखा भरलेला नाद यावा. शेवटची तार पिळत असतानाच काडकन आवाज झाला आणि घोडी तबलीवरून, गिटारीच्या वरच्या पातळ फळीवरून, उखडून त्याच्या गुडघ्यावर आदळली.

वच्छलाबाई बाहेर आली. छगन तुटलेल्या सरसाकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याची खूण नव्हती.

"मोडनी का?"

"नही. तिनं सांगं, कोठे कमी शे ते."

सरस चांगला लावून घोडी चिकटवता आली असती, पण इतक्या ताणाखाली ती पुन्हा निघणार, हे मिस्तरीला कळत होतं. दिलरुब्याच्या तारा घोडीला बांधलेल्या नसतात. त्या घोडीवरून पुढे जाऊन पार बुडाला अडकतात. घोडी नुसती खाली दाबली जाते. त्याने तेच केलं. जाड पितळेचा एक तुकडा कापला, त्याला सहा भोकं पाडली, आणि तो गिटारीच्या बुडाशी, कडेच्या लाकडी ठोकळ्यात स्क्रूने पक्का केला. घोडी पुन्हा बसवली, यावेळी सरसाशिवाय. तारा चढवल्या. चार दिवस तो रोज सकाळी उठून आधी घोडी बघायचा. ती हलली नाही.

कांडीचा प्रश्न वेगळा होता. पिंटोने एक जुनी कांडी दिली होती, पण ती गोल आणि गुळगुळीत. दोन खुंटांत ती फिरायची, घामाने सुटायची. छगन जिनात गेला, झिजून काढून टाकलेल्या एका शाफ्टाचा बोटभर तुकडा लेथवर घेतला. एक टोक गोल केलं. दोन्ही कडांनी लांब खळ्या पाडल्या, एकीत अंगठा बसेल आणि दुसरीत ते दोन खुंट. तारेवर टेकणारी बाजू त्याने आधी पॉलिश कागदाने, मग राखेने घासली, इतकी की तिच्यात खिडकी दिसायला लागली. ती कांडी त्याच्या हातात बसली तेव्हा त्याने हात उलटा करून झटकून पाहिला. पडली नाही. उरलेली दोन बोटं मोकळी राहिली होती. ती त्याने कांडीच्या मागे तारांवर हलकी टेकवली, आणि मागच्या बाजूची जी किणकिण इतके दिवस त्याला त्रास देत होती ती बंद झाली.

तेवढ्यावर वाजवणं आलं असं नाही. गजाने सूर हवा तितका लांबवता येतो. छेडलेली तार थोड्या वेळात विझते. कांडी जड असली तर सूर जास्त टिकतो, हे लक्षात आल्यावर त्याने आणखी एक, थोडी जाड केली. पोलाद किंचित थरथरवलं की विझत्या सुरात जीव राहतो, हे त्याने पिंटोला करताना पाहिलं होतं. ते जमायला पंधरा दिवस गेले.

वच्छलाबाईचा गळा चांगला होता. लग्नात, जात्यावर, शेतात तिची गाणी बायका मागून म्हणायच्या. एका दुपारी ती ओसरीत वाती वळत बसली होती आणि छगन नानांचा एक आवडता अभंग वाजवत होता. वाजवता वाजवता तिने तो हळू आवाजात धरला. दोन ओळी झाल्यावर थांबली.

"बठ्ठं बरोबर शे. पन एक तार मधमाच येगळं बोलस."

"कोनती?"

"ती मधली. आपलं गानं रडस, ती हासस."

छगनने एकेक तार छेडली. गंधाराची तार आली तशी तिने मान हलवली. अभंगाच्या चालीत गंधार कोमल होता, आणि ही तार मोकळी सुटली की शुद्ध गंधार वाजायचा. तो इतक्या दिवसांत छगनच्या कानाने सोडून दिला होता, कारण त्याचं सगळं लक्ष कांडीवर होतं. त्याने ती तार चढवून मध्यमावर आणली.

"आते म्हन."

तिने पूर्ण अभंग म्हटला. तो शेवटपर्यंत तिच्या मागे गेला. तिने वाती डब्यात भरल्या. मग म्हणाली, "नानासले बलावा."

नाना आले, ऐकलं, आणि बराच वेळ त्या गिटारीच्या बुडाकडचा पितळी तुकडा बोटाने चाचपत बसले. शेवटी म्हणाले, "अधिक श्रावणात जामनेरला महिनाभर कीर्तन आहे. दुपारचं. चल."

जामनेरच्या देवळात पंच म्हणून लीलाधर शेठ होते. सज्जन माणूस, पण नियमाचा पक्का. छगनने गोणपाट सोडलं आणि गिटार बाहेर काढली तसे ते पुढे आले.

"नाना, हे हॉटेलात वाजतं ते वाद्य ना? साहेबलोक नाचतात त्यावर?"

नानांनी छगनकडे पाहिलं. उत्तर त्याच्यावर सोडलं.

छगन म्हणाला, "शेठ, पेटीसुद्धा साहेबाकडूनच आली. ती तुमच्या देवळात किती वर्षं आहे? मी आज वाजवतो. तुम्हाला देवापुढे शोभलं नाही असं वाटलं, तर नुसती मान हलवा. मी गुंडाळून ठेवीन आणि महिनाभर टाळ धरीन."

त्याचा आवाज चढला नव्हता. लीलाधर शेठांनी थोडा विचार केला. "बरं. पण खांबाच्या बाजूला बसा. लोकांना एकदम दिसायला नको."

बाहेर पाऊस लागून होता. ओल्या हवेत तारा उतरतील हे धरून छगनने कीर्तन सुरू होण्याआधी तीनदा सूर तपासले. पूर्वरंगात तो जवळजवळ गप्पच होता. पेटी आणि मृदंग एकत्र चालले की गिटारीचा आवाज त्यात बुडतो, हे त्याने घरीच ओळखलं होतं. त्यांच्याशी झगडण्यात अर्थ नव्हता. नाना श्वास घ्यायला थांबत त्या जागेत तो दोन सूर टाकायचा, बस्स. लोकांना वाटलं असेल, हा कशाला आलाय.

मध्यंतरानंतर नानांनी तो अभंग घेतला. पहिलं चरण झालं. दुसऱ्या चरणाला त्यांनी मध्यमावरून खाली एक लांब ओढ घेतली, बारा वर्षं दिलरुबा जिचा माग काढत आला होता तशी, आणि मुद्दाम मध्येच सोडली. छगनला कळलं, ही आपली परीक्षा आहे. त्याने तीच ओढ उचलली आणि जिथे नाना थांबले होते तिथून पुढे, सावकाश, षड्जापर्यंत आणून ठेवली. सूर विझत आला तसं मनगट हललं आणि तो आणखी टिकला.

नानांनी पेटीवाल्याला हाताने थांबवलं. मृदंगही थांबला. मग त्या देवळात काही वेळ फक्त म्हाताऱ्याचा आवाज होता आणि मांडीवरची ती गिटार. नाना म्हणत, छगन मागून जाई. कधी छगन आधी जाई आणि नाना त्याच्या मागून येत. बायकांच्या बाजूला कुणीतरी शेजारणीला ढोसलं, ती बोलत होती म्हणून. छगनला घाम फुटला होता. कांडी हातात घट्ट होती. इतके महिने तो जे करत होता ते आता हातांना सांगावं लागत नव्हतं, आणि त्याला फार हलकं वाटत होतं.

गजर, आरती झाली. लीलाधर शेठांनी मान हलवली नव्हती. प्रसाद वाटून झाल्यावर ते खांबापाशी आले.

"मिस्तरी, उद्यापासून पुढे बसा. इथे खांबाआड कुणाला काही दिसत नाही."

छगनने होकार दिला आणि तारा सैल करायला घेतल्या.

महिनाभर तो पुढे बसला. भाद्रपदात धुळ्याहून बोलावणं आलं. तिथे नानांना साथ करायची, वर दुपारी दीड तास वेगळं वाजवायचं. धुळ्याहून परतल्यावर एका सकाळी त्याने गिटारीच्या दांडीवर दोरा ताणून पाहिला. हलक्या लाकडाची दांडी ताणाने वाकायला लागली होती. आणखी वर्षभर चालली असती. पण त्याने वाट पाहिली नाही. बैलगाडी करून शिवणीच्या लाकडाची एक सुकी फळी आणली आणि अंगणात दोन विटांवर आडवी ठेवली.

वच्छलाबाई शेण टाकून हात धूत होती. "आते हाई काय?"

"नवी. मन्हा मापनी."

ती येऊन फळीवर वाकली. त्याने कोळशाने आडव्या रेघा ओढायला सुरुवात केली होती. "तिले जसा पडदा व्हतात तसा हिले बी लावशात?"

"पडदास्नं काय काम शे? कांडी त्यास्ले लागतच नही. नुसत्या रेघा पुरतीन, ठिकान दखाडाले."

तिने पदराला हात पुसले आणि फळीचं दुसरं टोक हलू नये म्हणून दाबून धरलं. छगनने कोळसा उचलला, दोरा ताणला आणि पुढची रेघ ओढली.