वॉर्निशचे तीन हात

सासऱ्यांच्या सलूनमध्ये एकच खुर्ची मावायची, आणि नवी शनिवारी यायची होती. दाढीला बसलेल्या भंगारवाल्याने जुनी किलोच्या भावाने मागितली, तेव्हा सासऱ्यांनी त्याला अर्ध्या दाढीनिशी उठवलं. "हिच्यावर पुढेही केसच कापले गेले पाहिजेत. नाहीतर नवीच परत पाठवतो," ते म्हणाले. मग सूनबाईने लेकीला कडेवर घेऊन, एका हाताने फोटो काढून, खुर्ची लिलावाच्या साइटवर टाकली.

पाच मिनिटांत निरोप आला. बाहेरच्या पेमेंट सेवेचा उल्लेख चालणार नाही, पैसे साइटमार्फतच घ्यावेत. ही पहिली ताकीद. तिसरीला खातं कायमचं बंद.

"उल्लेख केला कुणी?" सासरे कडाडले.

सूनबाईने फोटो मोठा केला. खुर्चीच्या डाव्या हातावर क्यूआर कोडचं स्टिकर ऐटीत बसलं होतं. गिऱ्हाईकाला बसल्या बसल्या पैसे देता यावेत म्हणून ते तिथे लावलेलं. कुणा लबाडाने वर स्वतःचं चिकटवू नये म्हणून सासऱ्यांनी त्यावर वॉर्निशचे तीन हात मारले होते.

"खरवडू या का, बाबा?"

"खरवड की! माझं काम आहे ते, असं तसं नाही."

वस्तऱ्याची दोन पाती तुटली. स्टिकर ढिम्म.

मग हातावर टॉवेल टाकून दुसरा फोटो काढला. दुसरी ताकीद! भिंतीवरचा दुसरा कोड आरशात दिसत होता.

"डोळ्यांत तेल घालून बसलेत मेले," सासरे म्हणाले, पण आवाज उतरला होता.

आता चुकून चालणार नव्हतं. सूनबाईने आरशावर चादर टाकली. डाव्या हातावर टॉवेल टाकला की लेक तो ओढायची. शेवटी ओढणारीलाच त्या हातावर, स्टिकर झाकून बसवलं. आजोबांनी मागून धरलं. "डाव्या हातावर न निघणारी खूण आहे," असं खाली प्रामाणिकपणे लिहून तिने डोळे मिटून बटण दाबलं.

फोटो पास झाला! तासाभरात बोलीही चढली आणि प्रश्नही आला: बाळ सोबत मिळेल का?

"लिही," सासरे म्हणाले, "आधी खुर्ची तरी सांभाळून दाखवा."

शुक्रवारी लिलाव जिंकणारी बाई टेम्पो घेऊन हजर. नवं सलून काढत होती. खुर्चीत बसली, एक गिरकी घेतली, खूश झाली. मग डावा हात बघितला.

"काका, हा कोड कुणाचा?"

"माझा."

"म्हणजे केस मी कापायचे आणि पैसे तुम्हाला?"

सासऱ्यांचा चेहरा पडला. "रोज संध्याकाळी आणून देत जाईन. रविवार सोडून."

सूनबाईने ओठ चावला. गेली खुर्ची, तिला वाटलं.

बाईने मात्र खाली वाकून बघितलं, टेम्पोतून पेचकस आणला आणि दोन स्क्रू काढून अख्खा हातच सासऱ्यांच्या हातात ठेवला. "सुताराकडून दुसरा बसवून घेईन मी," म्हणाली आणि खुर्ची मिळाल्याचं साइटवर लगेच कळवूनही टाकलं.

टेम्पो वळून दिसेनासा होईपर्यंत सासरे तो हात छातीशी धरून दारात उभे होते.

"दोनच स्क्रू आहेत, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो," ते हळूच म्हणाले.

"कुणाला, बाबा?"

"मनातल्या मनात गं."