देह-ए-बेदचा मीराब

तालुक्याच्या नव्या हाकिमाचा माणूस चिठ्ठी घेऊन आला तेव्हा सखीदाद पाटाच्या काठावर बसून फावड्याला नवा दांडा ठोकत होता. त्याने चिठ्ठी वाचली. यंदापासून देह-ए-बेद गावचा मीराब हाकीमसाहेबांचा मेहुणा मन्सूर, असा हुकूम होता.

मीराब म्हणजे पाटकरी. हरीरूद नदीचं पाणी पाटात घ्यायचं, कुणाच्या शेताला किती वेळ सोडायचं ते ठरवायचं, आणि भांडणं निस्तरायची. त्याला वरून कुणी नेमत नाही. दर वसंतात गाळ काढायला गाव जमतं, तेव्हाच हात वर करून निवड होते. सखीदादला पहिल्यांदा निवडलं तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. आता एकाहत्तर.

"मन्सूरला पाटातलं काय कळतं?" त्याने विचारलं.

"कळायचं काय त्यात? पाणी आपोआप खालीच जातं की!"

"म्हणून तर माणूस लागतो, बाबा. नाहीतर सगळं खालच्यालाच मिळेल."

खरी मेख चिठ्ठीच्या शेवटच्या ओळीत होती. जाण्याआधी सखीदादनेच माहगुलची पाण्याची पाळी बंद करून ते पाणी हाकिमाच्या नव्या बागेला द्यायचं. माहगुलचा नवरा पडलेल्या सरकारचा शिपाई होता आणि गेल्या उन्हाळ्यातल्या लढाईत मारला गेला होता. घरात ती, आंधळी सासू आणि दोन लहान मुली. जमिनीच्या दोन तुकड्यांतला गहू, एवढीच त्यांची भाकरी.

घरी आल्यावर त्याने बायकोला, गौहरला, सगळं सांगितलं. तिने चहाची किटली जरा आपटूनच खाली ठेवली.

"अकरा महिने दिलेस, एक गुडघा दिलास. आता डोकं तेवढं उरलंय."

"ते कुणाला हवंय? पांढरं झालंय."

गौहर हसली नाही. तिला सगळं आठवत होतं. लाल झेंडेवाल्या कम्युनिस्टांच्या काळात हुकूम आला होता की डोंगरात गेलेल्या बंडखोराच्या आईला पाणी द्यायचं नाही. सखीदादने दिलं आणि अकरा महिने तुरुंगात काढले. मग मुजाहिदीन आले. त्यांचा कमांडर म्हणाला, गावचा मास्तर लाल झेंडेवाला होता, त्याचा द्राक्षमळा वाळू दे. मास्तरची पाळी चुकली नाही, पण बंदुकीच्या दस्त्याने सखीदादचा गुडघा मोडला. तो पाय अजून ओढत चालतो. तालिबान पहिल्यांदा आले तेव्हा अर्धं गाव इराणला पळालं होतं. पळालेल्यांच्या झाडांना पाणी कशाला, असं त्यांनी विचारलं. "झाडं कुठे पळालीत?" असं म्हणून सखीदादने पाणी सोडलं. सात वर्षांनी माणसं परतली तेव्हा त्यांची डाळिंबं उभी होती. पुढे परदेशी फौजांच्या आधाराचं सरकार आलं. त्यांचा अधिकारी म्हणाला, हाजी याकूबचा भाऊ तालिबानात आहे, त्या घराचं पाणी तोडा. सखीदादने तेही तोडलं नाही.

आता तालिबान पुन्हा आले होते; राजवटी पाच झाल्या. प्रत्येकीने आपापला शत्रू दाखवला, आणि गहू मात्र सगळ्यांचा सारखाच सुकत होता.

दुसऱ्या दिवशी सखीदाद हाकिमाकडे गेला. "मन्सूरला खुशाल मीराब करा," तो म्हणाला. "पण शिपायाच्या बायकोचं पाणी मी माझ्या हाताने बंद करणार नाही."

त्याला दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं आणि मग घरी पाठवलं.

शुक्रवारी मशिदीच्या भोंग्यावरून मन्सूरने गाळ काढायला गावाला बोलावलं. शनिवारी सकाळी तो पाटाच्या तोंडाशी एकटाच उभा होता. कुणाची कंबर धरली होती, कुणाच्या चुलत्याकडे लग्न होतं. बाकीच्यांची फावडी हरवली होती. त्र्याहत्तर घरांचं गाव, आणि एकाच रात्रीत साठ-एक फावडी हरवली!

सखीदादने कुणालाही काही सांगितलं नव्हतं. मास्तरचा नातू त्याच्या दारात येऊन सांगून गेला, "मीराबकाका, आमचंही फावडं सापडत नाहीये." सखीदादने दार लोटून घेतलं आणि बराच वेळ तोंड पुसत बसला. गौहरने पाहिलं आणि चुलीवर किटली चढवली.

तीन आठवडे गेले. पाटात गुडघाभर गाळ तसाच. सगळ्यांचाच गहू पिवळा पडू लागला, सखीदादचाही. बायका विहिरीतून पाणी शेंदून कांद्याच्या वाफ्यांना घालत होत्या. तरी एकही घर फुटलं नाही.

शेवटी हाजी याकूब काठी टेकत हाकिमाकडे गेला. त्याचा भाऊ आता याच राजवटीत मोठ्या हुद्द्यावर होता, त्यामुळे त्याला बसायला सतरंजी मिळाली.

"साहेब, मागच्या सरकारने माझं पाणी तोडायला सांगितलं होतं," हाजी म्हणाला. "त्या लंगड्याने तोडलं नाही. तेव्हा तोडलं असतं, तर माझ्या भावाची पोरं भुकेने मेली असती. आज तुम्ही ज्याला सलाम करता, त्याची पोरं."

हाकिमाने खिडकीतून बाहेर पाहिलं. त्याच्याही बागेतली रोपं माना टाकून उभी होती.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः पाटावर आला. हाजीने बोलावून आणलेली चार-पाच म्हातारी माणसं तिथे बसली होती.

"फावडी सापडतील का?" त्याने विचारलं.

"मीराब सापडला की सापडतील," हाजी म्हणाला.

"बाईचं पाणी राहील. निवडा तुमचा मीराब."

सोमवारी सगळं गाव फावड्यांसह उतरलं. हात वर झाले, आणि सखीदादला मान वर करून ते मोजायची गरज पडली नाही. मन्सूरही गाळात उतरला. दुपारपर्यंत त्याच्या तळहातांना फोड आले, तेव्हा मास्तरच्या नातवाने त्याला आपल्यातली वाळवलेली तुती दिली.

पाणी सुटलं. पाळ्या ठरल्या. हाकिमाच्या बागेची पाळी, नव्या जमिनीला शेवटचं पाणी या नियमाने, सगळ्यांत शेवटी लागली. त्याने फक्त दिवस विचारून घेतला.

माहगुलची पाण्याची पाळी आली त्या दिवशी सखीदाद पाय ओढत तिच्या बांधावर गेला. डोक्यावरची चादर दातात धरून ती मातीचा बांध फोडत होती. गव्हाच्या वावरातल्या भेगांत पाणी शिरताना चुरचुर आवाज होत होता. दोन्ही पोरी पाण्याच्या पुढे पुढे धावत होत्या.

थोड्या वेळाने माहगुलने विचारलं, "काका, झाली का आमची वेळ? बांध घालू?"

सखीदादने उन्हाकडे पाहिलं.

"अजून आहे. तुझं आहे ते पुरतं घे."