पानकोबीची राखण

भोक मसुराच्या दाण्याएवढंच होतं, पण त्याच्या कडा अजून ओल्या होत्या, म्हणजे खाणारा जवळपासच असणार. कृष्णकांतने उकिडवं बसल्या बसल्या पान हलकेच उलटवलं. शिरेला चिकटून शिरेसारखीच झालेली हिरवी अळी तिथे निवांत पडली होती. तिला चिमटीत धरून साबणाच्या पाण्यात सोडताना तो दर वेळी ओठांतल्या ओठांत “माफ कर हं” म्हणायचा. बायकोने, चारुशीलेने, एकदा ते ऐकलं आणि तोंडाला पदर लावून ती आत पळाली होती.

हसू दे. पौषातलं ऊन पाठीवर बसलं होतं, ऑफिसला सुट्टी होती, आणि पानकोबीचे गड्डे आता कुठे आतून घट्ट व्हायला लागले होते. हाताने दाबून पाहिलं की कळायचं… लहान मुलाची मूठ असते ना, तशी. घरामागच्या या जागेत इतकी वर्षं गवत आणि फुटक्या कुंड्या होत्या. या हिवाळ्यात त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने ती खणली, कळमेश्वरहून भाजी घेऊन येणाऱ्या जयवंताकडून रोपं मागवली, आणि तेव्हापासून त्याचा दिवस पानांखाली सुरू होऊ लागला. माव्याची कीड दिसली की तंबाखूचं पाणी, पानांवर शेगडीची राख, अळी हाताने वेचायची. हे सगळं जमत होतं. कारण हे सगळं मुकाट्याने करता येत होतं.

पाखरांचं तसं नव्हतं. भिंतीवर बुलबुलांची जोडी येऊन बसायची, डोक्यावरचे तुरे हलवत एकमेकांशी काहीतरी ठरवायची, आणि थेट मधल्या कोवळ्या पानांवर उतरायची. त्याने चारुशीलेचं जुनं लुगडं काठ्यांवर ताणून पाहिलं. ते खालून शिरले. डालड्याचा डबा टांगला. वारा पडला की डबाही गप्प. आत्ताही ते उतरले आणि त्याने हात झटकून “श्श… श्श” केलं. एका बुलबुलाने मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा चोच घातली.

“काहून जी भाऊ, पाखरायले इनंती करून राहिले का?” फाटकाशी जयवंता टोपली टेकवून उभी होती. “पाखरू काय तुमचा सायेब आहे, लाजून राहिले ते?”

तो हसला. त्याच्या हसण्यालाही आवाज नव्हता. जयवंता मेथीच्या जुड्या ओट्यावर ठेवून पुढच्या घराकडे गेली, आणि तिचं ते ‘सायेब’ मात्र वाफ्यातच राहिलं.

कारण आज दादा येणार होते. दत्तोपंत, थोरले बंधू, वडिलांच्या माघारी वडिलांच्या जागी असलेले. गेल्या रविवारी पानसुपारी खाता खाता ते म्हणाले होते, “मागची जागा रिकामीच आहे. दोन खोल्या काढू, भाडेकरू ठेवू. काय?” आणि कृष्णकांत म्हणाला होता, “बरं.” रिकामी? दादा, तिथे कोबी आहे… पण हे वाक्य तो ते गेल्यावर, हात धुताना, नळाच्या आवाजात म्हणाला होता. आयुष्यभर असंच. चित्रकला नको, कॉमर्स घे—बरं. ही नोकरी धर—बरं. पुढच्या खोल्या मला सामानाला लागतील—बरं. मी कधी दुखावलो नाही, खरंच नाही. दादांनी माझं वाईट कधी केलं नाही. फक्त माझा आवाज कधी लागलाच नाही कुणाला…

लागला नाही कसा? एकदा लागला होता की. कुठून कोण जाणे, कोवळ्या ज्वारीचा वास आल्यासारखा झाला, आणि तो एकदम मामांच्या शेतात राखणीच्या माळ्यावर उभा होता, पायाखाली बांबू करकरत होते, अंगात नुसती चड्डी, आणि समोर कणसांवर पाखरांचा थवा. त्याचं काम एकच, ओरडणं. सकाळपासून ऊन कलेपर्यंत ओरडणं. गोफण त्याला नीट जमायची नाही, पण आवाज! त्याचा आवाज पार पल्याडच्या विहिरीपर्यंत जायचा आणि तिथली बाई कळशी खाली ठेवून बघायची. मामा म्हणायचे, “हा पोरगा असला की गोफणच नको.” मग शाळेसाठी नागपूर. पहिल्याच दिवशी त्याने गच्चीवरून रस्त्यातल्या दादांना हाक मारली होती, आनंदाने, सगळा जीव लावून… आणि दादांनी वर येऊन ओठांवर बोट ठेवलं होतं. “हळू. इथे लोक राहतात.”

एवढंच. रागावलेसुद्धा नव्हते.

बुलबुल परत उतरले. त्यांच्यामागे चिमण्या, भिंतीवर साळुंक्या वाट पाहत असलेल्या. कृष्णकांत उभा राहिला. आधी नुसता खाकरला. मग पोटात कुठेतरी खाली, जिथे तो बरीच वर्षं गेलाच नव्हता, तिथून काहीतरी वर आलं…

“हाऽऽऽ हुर्रर्र! हाऽऽऽऽ!”

सगळी पाखरं एकदम उडाली. शेजारच्या गच्चीवर वाळवण घालणारी प्रमोदिनी दचकून वाकून बघू लागली. कणकेच्या हातांनी चारुशीला धावत मागच्या दाराशी आली.

“अहो, काय झालं? साप निघाला का?”

“नाही. मी होतो.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग दाराच्या चौकटीला टेकून इतकं हसली की कणीक चौकटीला लागली. “हा आवाज कुठे ठेवला होता इतकी वर्षं?” तिने विचारलं. उत्तरादाखल तो पुन्हा एकदा ओरडला. पाखरू एकही नव्हतं.

दादा आले ते सरळ मागेच आले. काठी टेकत, धोतराचा सोगा सावरत. “इथून इथे एक भिंत,” ते स्वतःशीच बोलत होते, आणि जागेची लांबी पावलांनी मोजत चालले होते, नजर समोरच्या कुंपणावर. त्यांचं पुढचं पाऊल वाफ्यावर उचललं गेलं, बरोबर त्या सगळ्यांत भरलेल्या गड्ड्याच्या वर…

“हाऽऽऽ! दादा! पाय!”

दत्तोपंत एका पायावर थबकले. काठी डगमगली. आपण काय केलं हे कृष्णकांतला कळायच्या आधीच तो पुढे जाऊन त्यांचा दंड धरून उभा होता.

“तिथे कोबी आहे, दादा,” तो म्हणाला. आवाज अजून खाली यायचा होता.

दादांनी पाय मागे घेतला. वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. “एवढी कोबी,” ते म्हणाले, “मला वाटलं चार रोपं असतील.” मग त्याच्याकडे पाहून: “तू केवढ्याने ओरडलास रे माझ्यावर.”

“हो.”

“मग खोल्यांचं काय?”

“बघू,” कृष्णकांत म्हणाला.

तो शब्द त्याने दादांपुढे पहिल्यांदाच उच्चारला होता. तो उच्चारल्यावर काहीच कोसळलं नाही. लांब कुठेतरी सायकलरिक्षाची घंटी वाजली. दादा रागावले होते का, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. ते काठीच्या टोकाने, जपून, एका पानावरची राख हलवून बघत होते.

“ही राख कशाला?” त्यांनी विचारलं.

त्याने सांगितलं. अळीचं सांगितलं, माव्याचं, बुलबुलांचं. आतून चारुशीला जेवायला पानं वाढल्याचं म्हणाली, तरी दोघं तिथेच उभे होते. जेवताना खोल्यांचा विषय निघणार हे त्याला ठाऊक होतं. दादा विषय अर्धा सोडत नाहीत. त्यावर आपण काय बोलणार, हे मात्र त्याला मुळीच ठाऊक नव्हतं… घसा खरखरत होता, छातीत नुकत्याच उघडलेल्या खोलीसारखा गारवा होता, आणि स्वतःचं पुढचं वाक्य ऐकायची त्याला विलक्षण उत्सुकता लागली होती.