गप्प मी होते, बोलत होत्या तारा

मी काळी चकती बोलतेय. बटणाएवढी, काठाला टवका उडालेली. रूपावर जाऊ नका. मी अतिवाहक आहे. पुरेशी गार झाले की माझ्यातून वीज बिनअडथळा धावते. आमच्या घराण्याला 'उच्च तापमानाचे' म्हणतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! आमचं 'उच्च' म्हणजे शून्याखाली एकशे ऐंशी अंश. बाकीच्यांना याहून जास्त गारठा लागतो, म्हणून आमची ही ऐट.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी मला घडवलं. भुकट्या खलात घोटल्या, दाबून चकती केली, भट्टीत भाजली. काढताना हातातून निसटले, टवका तेव्हाचा.

माझी एक बाजू जरा उबदार, दुसरी गार ठेवली, की आतले विद्युतकण गार बाजूला सरकतात. उकाड्यात माणसं पंख्याखाली सरकतात तसे. इकडे गर्दी, तिकडे मोकळं. त्यातून दोन टोकांत विजेचा इवलासा दाब तयार होतो. पण मी अतिवाहक झाले की कण जोडीनं फिरतात आणि तो दाब लगेच मिटवून टाकतात. मग मोजणीत शून्य यायला हवं.

आलं नाही. थोडासा दाब उरलाच.

"हिच्यात भेसळ आहे," प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणाले. "कुटा आणि परत भाजा."

"पण सर, विजेला अडथळा शून्य आहे की हिचा!"

"मग दाब कुठून येतोय? तुमच्या माहेरून?"

"माहेरचे सगळे शांत आहेत, सर. सासरी बघावं लागेल."

खलबत्ता टेबलावर आला.

बाईंनी बत्ता उचलला, माझ्याकडे बघितलं आणि खाली ठेवला. "थांबा. मोजायच्या तारा तांब्याच्या आहेत. एक गरम टोकाला, एक गार टोकाला. मग त्यांच्यातही दाब तयार होणारच ना?"

त्यांनी त्या सोडवून दुसऱ्या धातूच्या तारा लावल्या. मी तीच, गारठा तोच. आकडा मात्र बदलला!

म्हणजे बडबडत होत्या तारा. मी आपली शून्यच होते! शून्य मिळाल्यावर कुणी एवढं मिरवलं नसेल.

सर खुर्चीतून उठलेच. "बाई, हिला अजिबात कुटू नका हं!"

"मी कुठे कुटत होते? तुम्हीच मागे लागला होतात."

आता मी काचेच्या डबीत, कापसावर असते. नवी तार आली की आधी माझ्याशी जोडतात. माझा दाब शून्य, म्हणजे उरेल तो तारेचा. तो पुढच्या मोजणीतून वजा करायचा. कुटायला काढलेली मी, आता सगळ्यांची परीक्षा घेते!

एकच मागणं आहे. कुठे कुरबुर ऐकू आली, तर कोपऱ्यातल्या गप्प काळीवर लगेच बत्ता उगारू नका. आधी तारा बदलून बघा.

आणि हो बाई, मला दोन्ही हातांनी धरा. एक टवका पुरे.