पाडव्याचा नेम

आमच्यात गुढी उभारत न्हाईत. सासऱ्यानं धम्म घेतला त्या साली देव्हारा मोडला, संगं गुढीची काठी बी. पण सालगड्याचं साल बदलतं पाडव्यालाच, मग पाडवा टाळावा कसा? म्हणून सासऱ्यानं घरात एकच रीत ठेवली. सकाळी कडूलिंबाचा पाला गुळासंगं चावायचा आन तोंड कडू हाय तवाच येणाऱ्या सालाचा नेम बोलायचा. मोठं कायी न्हाई. कुणी बिडी सोडायची, कुणी जावेशी नीट बोलायचं. अट एवढीच, नेम आधी कुणाला सांगायचा न्हाई. सांगितला की फुकट गेला. आन एकदा बोलला की त्याच्यावर कुणी वाद घालायचा न्हाई.

ह्या अटीनंच माझा घात केला.

झरीच्या शिवारात माणिकरावाच्या आखाड्यावर, म्हंजी रानातल्या वस्तीवर, आमी साल धरून होतो. शेतातच त्यांच्या दोन खोल्या, बैलांचा गोठा आन कडेला आमची झोपडी. दुष्काळाच्या आधल्या साली माणिकरावाची बायको बाळंतपणात गेली. त्याच आठवड्यात माझं तान्हं लेकरू गेलं. माझ्या अंगावर दूध होतं आन त्यांच्या पोरीला आई नव्हती. माणिकरावानं जात आड आणली न्हाई, मी बी पोर कुणाची ते बघितलं न्हाई. पदराखाली घेतली. हेमा तिचं नाव. तवापासून ती माझ्याच कुशीत झोपायची. दुष्काळात आमी अर्धी भाकरी खाल्ली, पण तिला उपाशी ठेवलं न्हाई.

माझं तोंड मात्र वाईट. बोलल्याबिगर मला काम सुधरत न्हाई. शेण काढताना, पाणी शेंदताना आपलं चालूच, जळो ह्यो आखाडा, गावात चार बायकांत राहावं तर इथं कोल्ह्यांची सोबत, कवा सुटायची मी इथून. पोरगी पायात आली की म्हणायचे, हो बाजूला सटवे. ती खदखदून हसायची, तिला माझं बोलणं बरोबर कळायचं. नवऱ्याला कळलं न्हाई. आता नाव घ्यायला लाजायचं काय, नागनाथ नाव त्याचं, माझं सरजा. लय गरीब माणूस. मी बोलायचे आन तो गुमान ऐकायचा.

त्या पाडव्याला आमी दोघं पाला चावत बसलो. हेमा मांडीवर. तिनं बी एक पान तोंडात घातलं आन थू करून टाकलं. मी ठरवलं होतं, यंदा हिला माझ्या हातानं परकर शिवायचा. पण आधी तोच बोलला.

"यंदा सरजाला आखाड्यावर ठेवायचं न्हाई."

मला वाटलं गंमत करायलाय.

"पोखर्णीच्या किशनरावाला होळीलाच शब्द दिलाय," तो म्हणला. "गावात खोली देतो. शेजार हाय, दारातच आड हाय. आजच निघायचं." आन हसायला लागला. एवढं मोकळं हसताना मी त्याला कवाच बघितलं नव्हतं.

"आन हेमा?"

"तिला आता आत्या हाय की."

दिवाळीपासून माणिकरावाची बहीण विमलाबाई तिथं राहायला आली होती.

"मला इचारलं का न्हाई तुमी?"

"नेम आधी कसा सांगावा? तूच तर रोज म्हणायचीस, कवा सुटायची."

"म्हणायचे. तोंड हाय म्हणून म्हणायचे. इतक्या सालांत माझा एक शबुद तुमी मनावर घेतला न्हाई, आन नेमका ह्योच घेतला?"

त्याचं हसू गेलं. तोंडातला पाला तसाच राहिला, गिळंना आन थुंकंना.

मी तशीच उठून माणिकरावाकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणले, "सरजाबाई, होळीलाच नागनाथानं न्हाई म्हणलं. मी तुमच्या जागी बन्सीधरला शब्द दिला. तो घर उचलून लेकरांसंगं निघालाय. त्याला आता वाटेवर सोडू का?" विमलाबाई दारातून म्हणल्या, "झालं ते बरंच झालं. पोरीला आपलं-परकं कळाया पाहिजे आता." त्यांच्या झिंज्या धरून वढावं वाटलं मला. तशीच माघारी आले.

दुपारी बन्सीधरची गाडी आली. त्याची भांडीकुंडी उतरली आन त्याच गाडीत आमची चढली. त्याच्या बायकोला मी सांगितलं, पोरगी झोपेत दचकती, तवा पाठीवर नुसता हात ठिवत जा. ती म्हणली, "ठिवीन की. पण माझ्यापाशी येऊ देतील का तिला?"

मी गाडीत बसले. आत्यानं हेमाचं मनगट धरलं होतं. तिला हिसडा देऊन पोरगी पळत चाकापाशी आली. खाली पडलेला कडूलिंबाचा पाला उचलला आन तोंडात कोंबला. कडूनं तोंड वाकडं झालं, पण थुंकली न्हाई.

"मी नेम धरती," ती म्हणली. "मी दूध सांडणार न्हाई."

तिनं अजून एक पान तोंडात घातलं.

"अंथरूण वलं करणार न्हाई."

नागनाथ पुढं बैलांकडं तोंड करून बसला होता, तो हुंदके द्यायला लागला. मी खाली वाकून म्हणले, "तुझं कायी चुकलं न्हाई गं माझे माय. कायी कायी चुकलं न्हाई."

तिला ते पटलं न्हाई. ती चावत चावत माझ्याकडं बघत राहिली, अजून काय सोडावं ह्याचा इचार करायली होती. बन्सीधरनं बैल हाकले. ती गाडीसंगं पळायला लागली.

"तुला आई म्हणणार न्हाई," ती म्हणली. "आत्या रागावती. मी न्हाई म्हणणार. मंग राहशील?"

"म्हण गं," मी म्हणले, "म्हण." पण तवर गाडी बांधावरून उतरली होती, आन तिला ते ऐकू गेलं का न्हाई, मला ठाऊक न्हाई.