दोन तिरक्या रेघा

मर्डोक गेल्यावर त्याचं काम त्याच्या मुलीकडे, एल्स्पेथकडे आलं. ब्लफ बंदरातल्या कालवं काढणाऱ्या बोटींवर त्याचा प्रोग्राम चालायचा. धुक्यात तो बोलून इशारे द्यायचा, आणि आवाज मर्डोकचाच होता. मूळ ध्वनिमुद्रणं नव्या सर्व्हरच्या मुळाशी, 'आवाज' नावाच्या फोल्डरमध्ये होती. त्यांत इशाऱ्यांखेरीज बरंच काही राहून गेलं होतं. त्याचं खाकरणं, किटलीची शिट्टी, मधेच "एल्सी, दार लोट गं, वारा येतोय."

बोटींसाठी प्रोग्राम तयार करणाऱ्या बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये त्याची एक खोड जागोजाग दिसायची. फोल्डरचा पत्ता जोडताना तो पहिल्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ द्यायचा आणि पुढच्या नावाच्या आधीही.

"काय सोस होता गं म्हाताऱ्याला रेघांचा!" शेजारच्या टेबलावरून सेमिसी म्हणाला. तो मर्डोकचा जुना सहकारी. "म्हणायचा, जास्त झाली तर कुणाचं काय जातंय?"

"जात काही नाही. पण बघवत नाही रे."

तिला वडिलांचं काम नीटनेटकं करून ठेवायचं होतं. तिनं सगळीकडे पत्ते जोडणारं तयार फंक्शन घातलं, नावांच्या शेवटच्या रेघा काढून टाकल्या. सुरुवातीच्या तशाच ठेवल्या. फंक्शन बघून घेईल म्हणाली.

स्क्रिप्ट नेहमीप्रमाणे आधी कामाच्या फोल्डरमधला जुना 'आवाज' पुसणार होती आणि मग मूळ ध्वनिमुद्रणांतून वाक्यं कापून तिथे ठेवणार होती. तिनं ती चालवली. पुसून झालं. मग पडद्यावर आलं, मूळ फोल्डर सापडत नाही.

सेमिसीनं खुर्ची जवळ ओढली. बराच वेळ वाचत राहिला.

"अगं, दुसऱ्या नावाआधी रेघ दिसली की हे फंक्शन पहिलं नाव फेकून देतं. पत्ता थेट मुळापासून धरतं. म्हणून स्क्रिप्टनं कामाच्या फोल्डरमधला सोडून मुळाशी होता तो 'आवाज' पुसला."

"बॅकअप?"

"जुनी डिस्क मर्डोकनंच मोडीत काढली. इथला बॅकअप पुढच्या आठवड्यात लावू म्हणाला होता..."

कामाचा फोल्डर नव्या सर्व्हरवर अजून रिकामाच होता. आवाज उरला तो बोटींवरच्या यंत्रांत. दुपारी एल्स्पेथ धक्क्यावर गेली. मेरेआना मावशी डेकवर जाळं धूत होती, बोट तिचीच.

"मावशी, तुमच्या यंत्रातला प्रोग्राम उतरवून घेऊ?"

"घे की. पण पुसू नकोस हं बाई. या बोटीवर माझं कुणी ऐकत नाही आणि मी फक्त मर्डोकचं ऐकते."

एल्स्पेथ हसली नाही. मावशीनं जाळं खाली ठेवलं आणि केबिनचं दार उघडून दिलं.

घरी येऊन तिनं एकेक वाक्य लावलं. डावीकडे खडक आहे. वेग कमी करा. पाणी उथळ आहे. सगळे इशारे होते, स्वच्छ, खणखणीत. तिनं आवाज वाढवला. दोन वाक्यांमध्ये काहीच नव्हतं. बोलण्याआधीचा श्वाससुद्धा नाही. बोटीवरच्या यंत्रात जागा कमी पडते म्हणून मर्डोकच्या स्क्रिप्टनं तेवढं सगळं कापून टाकलं होतं, आणि काम चोख केलं होतं.